टँकर आत घ्यायचा का?

माझ्या पीएचडीला सातवं वर्ष लागलं तेव्हा घरात तिचा उल्लेख नुसता 'ती' असा व्हायला लागला होता. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यातून आला की बूट काढता काढता विचारायचा, "ती कशी आहे?" जशी काही आतल्या खोलीत कुणी आजारी पाहुणी झोपलीये. मी म्हणायचे, "आहे तशीच." मग तो गपचूप जेवायला बसायचा. माझा स्वभाव तापट आहे, हे मला मान्य आहे. माहेरच्यांना, नवऱ्याला आणि कॉलेजातल्या कित्येक बॅचच्या पोरांना ते माझ्या आधीच मान्य झालेलं आहे.

मी जालना रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. करमाडच्या अलीकडं. माझा विषय लोकांना सांगितला की त्यांचे डोळे मिटायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्ये माहिती तुकड्या-तुकड्यानं जाते. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेत स्विच नावाची पेटी असते, ती पॅकेटला सांगते की बाबा, तू इकडं जा, तू तिकडं जा. पूर्वी प्रत्येक पेटीला स्वतःची अक्कल असायची. मग शहाण्या लोकांनी ठरवलं की सगळ्या पेट्यांची अक्कल काढून एकाच जागी ठेवायची. त्या जागेला कंट्रोलर म्हणतात. आता ओळखीचं पॅकेट आलं तर स्विच ते सोडतो. अनोळखी आलं की कंट्रोलरला विचारतो, "साहेब, ह्याचं काय करू?" साहेब नियम सांगतात. नियम एकदा आला की तसली पुढची सगळी पॅकेटं न विचारता सुटतात.

ह्या सगळ्यात पॅकेटला किती उशीर होतो, तो गणितानं आधीच सांगायचा, हे माझं काम. उशिरावर संशोधन करताना मला सात वर्षं लागली, ह्यावरचे सगळे विनोद माझ्या नवऱ्यानं करून झालेले आहेत. तुम्ही तसदी घेऊ नका.

तर सातव्या वर्षी मला शेवटची मुदतवाढ मिळाली. शेवटची म्हणजे खरंच शेवटची, त्या पत्रात तो शब्द ठळक छापलेला होता. मुदतीच्या आत विद्यापीठाच्या समितीपुढं सादरीकरण झालं आणि समितीला पटलं, तर प्रबंध. नाहीतर नोंदणी रद्द आणि सात वर्षं पाण्यात.

अडचण दोन रेषांची होती. माझं गणित सांगायचं की उशीर इतका होईल, ती निळी रेष. लॅबमध्ये खरोखर मोजला तर यायचा तो उशीर, ती लाल रेष. दोन्ही एकमेकींवर बसायला पाहिजेत. सुरुवातीला त्या शेजारी-शेजारी चालायच्या, पण गर्दी वाढली की लाल रेष अशी काही वर जायची की देवा! निळी आपली खाली, पाय ओढत. आलेख बघून माझे गाईड फोनवर नेहमी एकच प्रश्न विचारायचे, "मॅडम, मॉडेल चुकलं की मोजणी?" शांत आवाजात. त्यांच्या त्या शांत आवाजानं माझं डोकं जास्तच फिरायचं.

मी म्हणायचे, "मोजणी, सर."

का? तर गणित मी केलेलं होतं. आणि मोजणीच्या लॅबमध्ये मामा होते.

मामा म्हणजे आमचे लॅब परिचर. कॉलेजात शिपाई, परिचर सगळ्यांनाच मामा म्हणतात, पण नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. करमाडहून यायचे, सकाळी सगळ्यांच्या आधी. "जय भीम, मॅडम" म्हणायचे, लॅब उघडायचे आणि झाडलोट सुरू. निवृत्तीला चार महिने राहिले होते, पण फडकं अजून पहिल्या दिवसासारखं चालायचं. धूळ त्यांना सहन व्हायची नाही. आणि एके दिवशी मी बघितलं की मामा माझ्या स्विचमधल्या वायरी एकेक करून काढतायत, ओलसर फडक्यानं भोकं पुसतायत आणि वायरी परत लावतायत.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (हा उजेड खोटा होता, पण तेव्हा काय माहीत!) मी म्हटलं, सापडला! सहा महिन्यांची मोजणी, आणि हा माणूस रोज वायरी इकडच्या तिकडं करतोय! तिसऱ्या वर्षाची पोरं समोर बसलेली, त्यांच्यादेखत मी मामांना अशी काही बोलले की नंतर माझा घसा बसला. "तुम्हाला कळतं का हे काय आहे? माझ्या सात वर्षांवर फडकं फिरवलंत तुम्ही!" असलं सगळं. मामा फडक्याची घडी घालत उभे राहिले. म्हणाले, "बरं मॅडम." पोरं वहीत डोकं खुपसून बसली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. राग आला की माझा हात कागदाकडं जातो. प्राचार्यांना लेखी तक्रार केली. दोन पानं, मुद्देसूद. लिफाफ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'प्रयोगशाळा परिचराच्या निष्काळजीपणाबाबत. अर्जंट.' वर लाल पेनानं रेघ. लिफाफा ऑफिसच्या टपालात टाकला आणि तरातरा लॅबमध्ये येऊन कुलपाची किल्ली स्वतःकडं घेतली. लेखी तक्रार झाली की चौकशी लागते, आणि चौकशी मिटेपर्यंत निवृत्तीचे कागद हलत नाहीत. हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. डोक्यात राग असल्यावर माणूस ठाऊक असलेल्या गोष्टींकडं पाठ करून बसतो.

आता प्राचार्यांबद्दल सांगायला हवं. माणूस वाईट नाही. पण मागं एकदा कुणीतरी न विचारता पार्किंगमधलं कडुनिंबाचं झाड छाटलं, आणि नेमकी त्या झाडाखाली प्राचार्यांची गाडी लागायची. त्या उन्हाळ्यापासून नियम झाला: मला विचारल्याशिवाय कॉलेजात पानसुद्धा हलता कामा नये. तेव्हापासून खडूची पेटी उघडायला परवानगी, पंखा दुरुस्तीला परवानगी. माझा स्वतःचा नवा स्विच पार्सलनं आला, तर दोन दिवस गेटवर पडून होता. मी भांडायला गेले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, मेरेकू कायकू चिल्लारे? साहब का आर्डर है, पूछे बगैर कुछ बी अंदर नक्को लेना." सगळ्या पेट्यांची अक्कल काढून एकाच केबिनमध्ये ठेवलेली. मी सात वर्षं जे गणित मांडत होते ते माझ्या पायाखाली चालू होतं, आणि मी त्याला नुसत्या शिव्या घालत होते.

तर लॅब माझ्या ताब्यात आली. आता मोजणी बिनचूक येणार! मी स्वतः झाडू मारला, स्वतः पुसलं, कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. चार दिवस मोजलं. लाल रेष जिथं होती तिथंच. उलट जरा वरच.

पाचव्या दिवशी स्विचची धूळ पुसताना मला आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीनं छोटी चिठ्ठी लावलेली होती, आणि स्विचच्या प्रत्येक भोकाखालीही. मराठी आकड्यांत, जाड पेन्सिलनं, एक ते चोवीस. एकची वायर एकच्या भोकात, दोनची दोनच्या. चिठ्ठ्यांच्या कडा जुन्या होऊन काळ्या पडल्या होत्या. म्हणजे कित्येक वर्षं हा माणूस रोज वायरी काढून बरोबर त्याच जागी लावत होता, आणि मला चिठ्ठ्या कधी दिसल्या नाहीत, कारण स्विचची धूळ मी तोवर कधी पुसलीच नव्हती.

मला कळलं ना! तेव्हाच कळलं. त्याच दिवशी जाऊन तक्रार परत घ्यायला हवी होती. पण परत घ्यायची म्हणजे प्राचार्यांपुढं उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. मी म्हटलं, सादरीकरण होऊ दे, मग बघू. हे मी इथं लिहितेय ते काही मोठेपणानं नाही. लिहायला लाज वाटतेय, म्हणूनच लिहितेय.

सादरीकरणाला चार दिवस उरले. निळी खाली, लाल वर. त्यात सादरीकरणाच्या अर्जावर प्राचार्यांची सही पाहिजे होती. मी अर्ज घेऊन दुसऱ्या मजल्यावर केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाहते तर माझ्या पुढं मामा. हातात काही नाही. आम्ही दहा-बारा दिवस बोललो नव्हतो. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. खिडकीतून गेट दिसत होतं.

गेटवर पाण्याचा टँकर उभा होता. आमच्याकडं नळाला पाणी येणं ही बातमी असते, त्यामुळं उन्हाळ्यात होस्टेल टँकरवरच चालतं. त्या दिवशी होस्टेलसाठी चार टँकर सांगितलेले होते. वॉचमननं पहिला टँकर अडवला आणि मामांना वर पाठवलं: विचारून या, टँकर आत घ्यायचा का? आत प्राचार्य फोनवर होते. मामा थांबले.

तेवढ्यात दुसरा टँकर आला. वॉचमननं माळ्याला पाठवलं. माळी येऊन माझ्या शेजारी बसला. मी विचारलं, "काय काम?" म्हणे, "टँकर आत घ्यायचा का, इचारायचंय." तिसरा टँकर आला. कँटीनवाला हात पुसत वर आला. टँकर आत घ्यायचा का? चौथ्या टँकरच्या वेळी पाठवायला कुणी उरलंच नव्हतं, तर ड्रायव्हर स्वतः जिने चढून आला, धापा टाकत. खाली रस्त्यावर चार टँकर भोंगे वाजवतायत, जालना रोडची गाडी हलेना, होस्टेलची पोरं बादल्या घेऊन गच्चीवर, आणि वर बाकावर आम्ही पाच जण. त्यातल्या चौघांचा प्रश्न एकच.

दार उघडलं. मामा आत गेले. "घ्या की!" असा आवाज ऐकू आला. मामा बाहेर आले. माझा नंबर डावलून माळी आत गेला. "आत्ताच सांगितलं ना!" "मला नाय सांगितलं, साहेब." कँटीनवाला आत गेला. ह्या वेळी आवाज भिंतीतून आला: "सगळं कॉलेज एकच प्रश्न विचारायला आलंय का?"

माझा पारा चढला. माझी सही राहिली बाजूला, आणि हे काय चाललंय! मामा जिन्याकडं निघाले होते, त्यांनाच गाठलं. अबोला विसरले. म्हटलं, "अहो मामा, एकदा विचारायला तुम्ही आला होता ना? मग बाकीचे कशाला आले? खालीच थांबायचं की गप!"

मामा थांबले. समजुतीनं म्हणाले, "मॅडम, म्या वर आलो, पर माझं उत्तर खाली गेलंय कुठं अजून? गेटवरच्याला काय ठावं, एकाचं उत्तर तेच समद्यांचं हाय? त्याला वाटतं नवा टँकर, नवा सवाल. उत्तर येईस्तवर जेवढे टँकर येतील तेवढी माणसं वर येणार. आन् जेवढी माणसं वर येणार, तेवढा साहेबाला उशीर. आन् साहेबाला जेवढा उशीर, तेवढे टँकर खाली."

मी तिथं जिन्यात उभीच राहिले.

माझ्या गणितात मी धरून चालले होते की पहिलं पॅकेट विचारायला जातं आणि मागची शहाण्यासारखी गप थांबतात. कोण थांबतं? ह्या कॉलेजात कुणी थांबत नाही, ह्या शहरात कुणी थांबत नाही, आणि स्विच तर अक्कल काढून घेतलेली पेटी! नियम येईस्तोवर त्याच प्रवाहाचं प्रत्येक पॅकेट तोच प्रश्न घेऊन वर जाणार. उशिरानं प्रश्न वाढणार, प्रश्नांनी उशीर वाढणार. गर्दी नसते तेव्हा फरक दिसत नाही, म्हणून दोन्ही रेषा शेजारी-शेजारी. गर्दी झाली की लाल रेष टँकरवाल्यासारखी जिने चढते. मोजणी बरोबर होती. सहा महिने बरोबर होती. मॉडेल चुकलं होतं, म्हणजे मी.

"अगं बाई!" मी मोठ्यांदा म्हटलं आणि लॅबकडं पळत सुटले. अर्ज बाकावरच राहिला.

तीन दिवस मी माणसांत नव्हते. नवऱ्यानं "ती कशी आहे?" विचारलं तर म्हटलं, "उठून बसलीये." समीकरणात परत-परत विचारणाऱ्यांची भर घातली. उत्तर स्वतःवरच अवलंबून, म्हणून पुन्हा पुन्हा फिरवून काढायचं. तिसऱ्या दिवशी निळी रेष उठली आणि लाल रेषेवर जाऊन बसली. मी टेबलावर डोकं टेकवून रडले. खोटं कशाला सांगू, हमसून हमसून रडले. गाईडना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॉडेल की मोजणी?" मी म्हटलं, "मॉडेल, सर. मॉडेल." ते म्हणाले, "छान." एवढंच. सात वर्षांत पहिल्यांदा छान.

तेव्हा अर्जाची आठवण झाली. सहीशिवाय समिती उभी करणार नाही! धावत स्टाफरूममध्ये गेले, तर अर्ज माझ्या टेबलावर, वहीखाली दाबून ठेवलेला. खाली प्राचार्यांची सही. ती कशी झाली, कुणी करून आणली, हे मी विचारलंसुद्धा नाही. काम झाल्याशी मतलब.

सादरीकरण झालं. बाहेरून आलेले परीक्षक, चष्मा कपाळावर, म्हणाले, "प्रतीक्षेतली पॅकेटं पुन्हा विचारतात, ही गोष्ट बाकीच्यांनी सोडून दिलीये. तुम्हाला कुठून सुचली?" मी म्हटलं, "सर, आमच्याकडं टँकरचं पाणी आहे." ते हसले. त्यांच्या घरीही असणार. समितीनं शिफारस केली, प्रबंध सादर करा.

मी पेढ्यांचा डबा घेऊन पहिल्यांदा प्राचार्यांकडं गेले. (मामांच्याही आधी! बघा म्हणजे.) त्यांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं. माझं लक्ष टेबलावरच्या कागदांच्या ढिगाकडं गेलं. ढीग हातभर उंच, आणि सगळ्यात वर, लाल रेघेसकट, माझं अक्षर.

प्राचार्यांचंही लक्ष गेलं. "हां, तुमचं पण एक आहे ना! ह्या टँकरांनी जीव घेतला, वाचायलाच झालं नाही. गंमत म्हणजे मी हा लिफाफा रोज खाली ठेवतो आणि सकाळी येतो तर परत वर. आज बघूनच टाकतो." आणि त्यांनी पेढ्याचाच हात पुढं केला.

मी झडपच घातली. दुसरा शब्दच नाही त्याला. लिफाफा छातीशी धरून म्हटलं, "सर, हे नको. चूक माझी होती. मला हे परत पाहिजे."

"अहो, पण अर्जंट लिहिलंय."

"चुकून लिहिलं, सर."

त्यांनी हात मागं घेतला. मग म्हणाले, "न्या बाई. एक कमी झालं." सात वर्षं उशिराचा दुस्वास केला, आणि त्या क्षणी मला आमच्या कॉलेजातल्या त्या रांगेचे पाय धरावेसे वाटले.

मामा जिन्याखाली बादलीत फडकं पिळत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. लिफाफा हातात तसाच बंद. काय बोलायचं ते सगळं विसरले आणि भलतंच विचारलं, "मामा, टपाल साहेबांच्या टेबलावर कोण ठेवतं?"

"लॅबची किल्ली गेल्यापासनं म्याच ठिवतो, मॅडम."

"हा लिफाफा रोज वर कोण काढत होतं?"

"म्याच."

"वर काय लिहिलंय वाचलं होतं?"

"वाचलं की. परिचराबाबत. तुमच्या लॅबचा परिचर म्या एकलाच हाय." फडकं झटकून त्यांनी कठड्यावर वाळत घातलं. "पर अर्जंट बी लिहिलं व्हतं ना. तुमची तारीख जवळ आलेली. तुमचं काम माझ्यापायी अडाया नको म्हणून वर ठिवला. तो बाकावरला अर्ज बी म्याच सही करून आणला. कागद न्यायचं काम माझं, मॅडम. कुठला कागद कुणाच्या भल्याचा, ते म्या कशाला बघत बसू?"

मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं. मोजणी बरोबर होती. तुमच्या वायरी बरोबर होत्या. पोरांसमोर बोलले ना, पोरांसमोरच सांगेन."

"सांगा," मामा म्हणाले. 'जाऊ द्या मॅडम' म्हणाले नाहीत, ते बरं झालं. मग ओला हात पँटला पुसून त्यांनी पुढं केला. मला वाटलं पेढ्यासाठी. मी डबा उघडला.

"पेढा मागनं," ते म्हणाले. "लॅबची किल्ली द्या आधी. पंधरा दिवस झाले, धूळ बसली असंल."